पहिलीचा वर्ग कोरकू बोलतो आणि पुस्तक मराठी: वर्गात नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातली दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. पहिलीत 22 मुलं, सगळ्यांच्या घरी कोरकू. शिक्षिका बुलढाण्याकडच्या, त्यांना कोरकू येत नाही. पुस्तक मराठी, चाचणी मराठी, केंद्रप्रमुखांची भेटही मराठीतच. दोन महिने झाले तरी अर्धा वर्ग गप्प. त्या विचारतात, ‘मी कोरकू शिकू, की मुलांना आधी मराठी शिकवू?’

दोन्ही करावं लागेल, पण कशाच्या आधी काय हे पक्कं करून. त्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाका. या मुलांना ‘मराठी कच्ची आहे’ असं म्हणू नका. कच्ची असायला ती आधी यावी लागते. तुम्ही चंद्रपुरातल्या मुलाला पहिल्या दिवसापासून तमिळ पुस्तक दिलंत तर त्याचं तमिळ कच्चं आहे असं म्हणणार नाही. इथे मराठी ही मुलांची दुसरी भाषा आहे, आणि ती दुसऱ्या भाषेच्या पद्धतीनेच शिकवायला हवी. आपली व्यवस्था मात्र तिला मातृभाषा धरून पुस्तक, तासिका आणि चाचणी आखते. बाकीचा गोंधळ तिथून सुरू होतो.

कोरकूला सरकारी कागदात सर्रास ‘बोलीभाषा’ म्हणतात, म्हणून अनेकांना ती मराठीचंच काहीतरी रांगडं रूप वाटते. तसं नाही. मराठी आर्यभाषा कुळातली, कोरकू ऑस्ट्रोआशियाई कुळाच्या मुंडा शाखेतली, म्हणजे संथाळी आणि मुंडारीची नातलग. 2011 च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सुमारे सव्वासात लाख नोंदले गेले, मेळघाटात आणि सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात. ‘कोरो’ म्हणजे माणूस, आणि ‘कोरकू’ हे त्याचं अनेकवचन. भाषेचं नावच ‘माणसं’ असं आहे.

याचा वर्गाशी संबंध काय, ते बघा. कोरकूत नामाचे गट सजीव आणि निर्जीव असे पडतात. मराठीसारखं तो-ती-ते नाही. त्यामुळे मूल ‘मुलगी आला’ म्हणतं तेव्हा ते लिंग चुकत नसतं, लिंग ही भानगडच त्याला नवी असते. टेबल ‘ते’, खुर्ची ‘ती’ आणि फळा ‘तो’ का, याला तर्क नाही. हे फक्त ऐकून ऐकून बसतं, आणि बसायला दोन-तीन वर्षं लागतात. पहिलीत ते दुरुस्त करत बसलात तर मूल बोलणंच थांबवतं. चूक ऐकली की फक्त बरोबर वाक्य सहज परत म्हणा, ‘हो, मुलगी आली’, आणि पुढे चला. उलट काही गोष्टी या मुलांना आयत्या मिळतात. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. हिंदीत दोन्हीला ‘हम’. कोरकूत हा भेद आहेच, शिवाय दोघांसाठी वेगळं द्विवचनही आहे. म्हणजे ‘आपण’ शिकवायला तुम्हाला कष्ट नाहीत.

आता पहिला आठवडा. प्रत्येक मुलाची भाषेची नोंद करा, एका पानावर तक्ता: घरी आई कोणती भाषा बोलते, आजी कोणती, मूल मैदानात कोणत्या भाषेत भांडतं (सगळ्यात खरी नोंद हीच), मराठी समजते का, हिंदी समजते का. समजणं आणि बोलणं यांचे रकाने वेगळे ठेवा. समजण्याची चाचणी सोपी आहे. हातवारे न करता दहा साध्या सूचना द्या, ‘पाटी उचल’, ‘दाराकडे जा’, ‘दोन खडे आण’ अशा. दहापैकी किती पाळल्या तो आकडा लिहा. दोन किंवा कमी आले तर त्या मुलासाठी मराठी ही परकी भाषा आहे असं धरा. सहा-सात आले तर समजतं, पण बोलत नाही. हे दोन गट वेगळे आहेत आणि त्यांना वेगळा वेळ लागतो.

धारणीकडे हिंदीचा रकाना फार महत्त्वाचा. बाजाराची, एसटी स्टँडची भाषा हिंदीच; मध्य प्रदेशची हद्द जवळ. बऱ्याच मुलांना मराठीच्या आधी थोडी हिंदी आलेली असते. तिचा पूल म्हणून उपयोग करा, तिसरी भाषा म्हणून ओझं करू नका. पण सारख्या शब्दांच्या सापळ्याकडे लक्ष ठेवा. तुम्ही म्हणता ‘खाली बस’, हिंदी ऐकलेल्या मुलाच्या कानात ‘खाली’ म्हणजे रिकामं. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण आणि आपल्याकडे छडी. ‘राग’चंही तसंच. असे दहा-बारा शब्द वेगळे लिहून ठेवा आणि ते चित्रासह शिकवा.

हाच तक्ता यूडायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी प्रणालीत, नोंद करताना वापरा. विद्यार्थ्याच्या माहितीत मातृभाषेचा रकाना असतो आणि मेळघाटासारख्या भागातही तो सरसकट ‘मराठी’ असा भरून टाकला जातो, कारण शाळा मराठी माध्यमाची असते. हा कारकुनी आळस फार महागात पडतो. राज्याच्या नोंदीत तुमच्या शाळेत एकही कोरकू मूल नसेल, तर कोरकू जाणणारा शिक्षक, पूरक पुस्तक, प्रशिक्षण मागायचं कुठल्या आकड्यावर?

तुम्हाला कोरकू शिकावी लागेल का? बोलता येईल इतकी शिकलात तर उत्तम, पण वर्ग त्यासाठी थांबवू नका. सुरुवातीला 60 शब्द आणि 15 वाक्यं पुरतात: ये, बस, बघ, सांग, दुखतंय का, भूक लागली का, शू-शीसाठी मूल काय म्हणतं, ‘मला समजलं नाही’ कसं म्हणतात. यादी मुलांकडूनच घ्या. तुम्ही चित्र दाखवा, ती नाव सांगतील, तुम्ही ते चुकीचं उच्चारा, वर्ग हसेल. बाई चुकतात आणि शिकतात हे दिसलं की गप्प बसलेली अर्धी मुलं त्या दिवशी बोलतात. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही कृतीपेक्षा याचा परिणाम लवकर दिसतो.

खरं काम चालतं ते भाषासोबत्याच्या बळावर, म्हणजे वर्गात रोज तास-दीड तास बसणारी कोरकू बोलणारी व्यक्ती. अंगणवाडी सेविकेकडे सगळ्यांची नजर जाते, पण तिचं स्वतःचं काम त्याच वेळेत असतं. गावातली दहावी-बारावी झालेली मुलगी किंवा सून जास्त उपयोगी. चौथीतली मुलं आठवड्यातून दोन-तीनदा चालतील, रोज नाही. त्यांचा अभ्यास बुडतो आणि पालकांना ते योग्यच खटकतं. मानधनाचं मात्र आधी ठरवा. फुकटची मदत दिवाळीपर्यंत टिकते. धारणी आणि चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्र असल्याने तिथल्या पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी मिळतो आणि त्यातून शिक्षणावर खर्च करता येतो. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि मग ग्रामसभेचा ठराव लागतो. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणजे ठरावाला अडचण नसते. अडते ती पुढच्या कागदांवर. ठरावात ‘शैक्षणिक मदतनीस, पहिली-दुसरी, इतके महिने, इतकं मानधन’ असं नेमकं लिहा. मोघम ठराव परत येतो.

आता वर्गातले तास. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्रीय अभियानाच्या चौकटीत पहिलीसाठी 12 आठवड्यांचा विद्याप्रवेश आहे, खेळांतून शाळापूर्व तयारी. बहुतेक जण तो उरकून टाकतात. तुमच्यासाठी तो सोन्यासारखा आहे, कारण या 12 आठवड्यांत लेखनाचा धोशा लावा असं तुम्हाला कुणी म्हणू शकत नाही. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तुमच्याकडे तोंडी कामाला हक्काचा वेळ आहे. रोज सकाळची 90 मिनिटं अशी मांडा.

पहिली 30 मिनिटं पूर्ण कोरकू. गाणं, गोष्ट, काल घरी काय झालं, चित्रावर गप्पा. चालवणार भाषासोबती, तुम्ही ऐकणार. इथे हेतू भाषा शिकवण्याचा नसतो. मुलाने सलग पाच-सहा वाक्यं बोलावीत, क्रम लावावा, ‘का’ सांगावं, हा हेतू. विचार सलग मांडायची सवय एका भाषेत लागली की ती दुसऱ्या भाषेत जाते. उलट दिशेनं फार कष्ट पडतात.

पुढची 20 मिनिटं मराठी, पण सगळी अंगाने. सूचना द्या, आधी स्वतः करून दाखवा, मग मुलांबरोबर करा, मग फक्त बोला. ‘उठ. बस. दार उघड. पाटी घे. पाटी ताईला दे.’ रोज पाच नव्या सूचना, पंधरा जुन्या. पाच दिवसांत पंचवीस होत नाहीत, अठरा-वीस टिकतात, ते ठीक. मुलाने उलटून मराठी बोलावं असा आग्रह सहा आठवडे धरू नका. ऐकून कृती केली म्हणजे भाषा आत जाते आहे. हा मूक काळ दुसरी भाषा शिकताना बऱ्याचदा येतो, आणि ‘बोल ना, बोल ना’ करून तो लांबतो. सातव्या आठवड्यात मुलंच एकमेकांना सूचना द्यायला लागतात. सुरुवात नेहमी वर्गातला दांडगट करतो.

मग 20 मिनिटं गोष्ट. इथे सगळ्यात मोठी चूक होते, म्हणून सविस्तर लिहितो. शिक्षक एक वाक्य मराठीत वाचतात, सोबती ते कोरकूत सांगते, पुन्हा मराठी, पुन्हा कोरकू. दिसायला छान, प्रत्यक्षात वाया. मुलाला कळतं की दुसऱ्या क्षणी कोरकू येणारच आहे, मग ते मराठीच्या वेळी कान बंद करतं. वर्षभर असं चालवलं तर मार्चमध्ये मराठी जूनमध्ये होती तिथेच असते, आणि दोष ‘मातृभाषेत शिकवलं म्हणून’ असा लागतो. त्याऐवजी गोष्टीचे तीन भाग पाडा. आधी पाच मिनिटं कोरकूत: चित्रं बघू, कोण दिसतंय, पुढे काय होईल. मग आठ मिनिटं फक्त मराठीत: आठ-दहा वाक्यांची गोष्ट, चित्रावर बोट ठेवत, आवाज बदलत, मध्ये एकही भाषांतर नाही. शेवटी सात मिनिटं: मुलांनी कोरकूत गोष्ट परत सांगायची, त्यातून तुम्हाला कळेल काय समजलं, आणि जाता जाता गोष्टीतली तीनच मराठी वाक्यं सगळ्यांनी मिळून म्हणायची. एक गोष्ट तीन दिवस चालू द्या. तिसऱ्या दिवशी मधला मराठी भाग मुलं तुमच्या आधी म्हणतात.

उरलेली 20 मिनिटं चित्र काढणं, रेघोट्या, आणि मुलाने सांगितलेलं एक वाक्य सोबतीने चित्राखाली लिहिणं. कोरकूला देवनागरी लिपी चालते. काही ध्वनी देवनागरीत नीट बसत नाहीत, त्यावर वाद घालत बसू नका. एकदा ठरवलेलं लेखन वर्गात सगळीकडे सारखं ठेवलं की झालं.

विद्याप्रवेशनंतर वाचन. अ-आ-इ पासून चालू केलंत तर मुलाला अर्थ लागेल असा शब्द बनवायला महिने जातात. दोन्ही भाषांत शब्द बनवणारी अक्षरं निवडा. पहिल्या गटासाठी क, म, र, ड, स ही पाच अक्षरं आणि काना, ओकार या दोन मात्रा घ्या. त्यातून कोरकूचे ‘डा’ (पाणी) आणि ‘कोरो’ (माणूस) मिळतात. मराठीचे काका, मामा, काम, मोर, मासा, रस, सडा, कोरा मिळतात. ‘कोरो’ आणि ‘कोरा’ शेजारी लिहा. फक्त शेवटची मात्रा बदलली आणि माणसाचा कागद झाला, हे मुलाला एका नजरेत दिसतं. मात्रेचं महत्त्व दहा वेळा समजावून जे होत नाही ते या जोडीने होतं.

मोह होईल ‘ज’ लगेच घ्यायचा, कारण कोरकूत ‘जोम’ म्हणजे खाणं, मुलांच्या तोंडी दिवसभर असलेला शब्द. थांबा जरा. मराठीत ज चे दोन उच्चार आहेत. ‘जोम’मधला ज तालव्य, ‘जीभ’मधल्यासारखा, पण मराठीत तेच अक्षर नुसतं आलं किंवा त्याला ओकार, काना लागला की बहुधा दंततालव्य होतो: रोज, जोर, जागा. मराठी मुलाला हे सांगावं लागत नाही. दुसऱ्या भाषेच्या मुलाला एकाच अक्षराचे दोन आवाज ऐकून वाचनच डळमळीत वाटतं. म्हणून ‘ज’ कोरकू शब्दासाठी घ्या, मराठी बाजूला ‘आजी’, ‘जीभ’ असे शब्द जोडा, आणि ‘रोज’, ‘जोर’ दुसऱ्या सत्रावर टाका. च आणि झ बाबत तेच. अशा अक्षरांच्या दुसऱ्या उच्चाराला पहिल्या सत्रात हात न लावणं ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे.

गणिताचं थोडक्यात, कारण तिथे मार्ग सरळ आहे. मोजणी कोरकूत चालू करा: मिया, बारिया, आफिया, उफुनिया, मोनोया. उच्चार गावागणिक थोडे हलतात. तुमच्या गावात जे म्हणतात ते घ्या. वस्तू, संख्यानाम, अंक या क्रमाने दहापर्यंत गेल्यावर मराठी नावं फक्त लेबल म्हणून चिकटवायची असतात, त्याला आठवडा-दोन आठवडे पुरतात. खरी अडचण 21 च्या पुढे. मराठी संख्यानामं तोंडपाठ केल्याशिवाय येत नाहीत. ‘सदुसष्ट’मध्ये सात आधी, साठ नंतर, आणि ‘एकोणसाठ’मध्ये तर एक वजा. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘साठ सात’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना किती खुलासे करावे लागले, ते आठवत असेल. शहरी पालकांच्या दृष्टीने तो चेष्टेचा विषय होता. मराठी ही दुसरी भाषा असलेल्या वर्गात ती रीत बिनदिक्कत वापरा. आधी ‘साठ सात’, स्थानिक किंमत पक्की झाल्यावर ‘सदुसष्ट’.

किती वर्षं? अनेक शाळा मातृभाषेचा आधार पहिलीच्या दिवाळीपर्यंत देतात, मुलं मराठीत ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ म्हणायला लागली की बंद करतात. हाच तो फसवा टप्पा. कॅनडातले भाषाशिक्षण अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी तयारी साधारण दोन वर्षांत होते. त्या भाषेत वाचून विचार करण्याइतकी व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. ‘पाणी पिऊन येऊ’ म्हणणारं मूल ‘बाष्पीभवनामुळे पाण्याची पातळी घटते’ हे वाक्य पेलेलच असं नाही. म्हणून पहिलीत समजावण्याची तीन चतुर्थांश भाषा कोरकू, दुसरी-तिसरीत साधारण अर्धी अर्धी, चौथी-पाचवीत मुख्यतः मराठी पण नवी संकल्पना उघडताना कोरकू. ही टक्केवारी कुठल्या आदेशातली नाही, वेळापत्रकाचा अंदाज आहे. पण दुसरीत आधार पूर्ण काढला की चौथीच्या परिसर अभ्यासात वर्ग बसतो, हे ठरलेलं.

चाचणीचं सांगतो, कारण तुमच्यावर दबाव तिथूनच येणार. निपुणचं दुसरीअखेरचं उद्दिष्ट मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचणं असं आहे. त्यातला ‘समजून’ हा शब्द तपासणीच्या घाईत गळतो. कोरकू मूल मराठी उतारा खडखडीत वाचून दाखवू शकतं आणि त्यातलं अवाक्षर कळलेलं नसतं. अक्षर फोडणं आणि अर्थ लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जुलै, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये प्रत्येक मुलाची एक साधी नोंद ठेवा. चार चित्रांची गोष्ट द्यायची, ती कोरकूत सांगायला लावायची, दोन दिवसांनी वेगळी चार चित्रं मराठीत. दोन्हीत वाक्यं किती, ‘मग’, ‘म्हणून’, ‘पण’ असे जोडणारे शब्द किती, ते लिहा. कोरकूत आठ वाक्यं आणि मराठीत दोन असतील तर मूल हुशार आहे आणि मराठीला वेळ हवा. दोन्हीत दोनच असतील तर प्रश्न भाषेचा नाही. त्या मुलाकडे, त्याच्या ऐकू येण्याकडेसुद्धा, वेगळं बघा. एकाच भाषेत तपासलं तर हे दोन प्रकार एकसारखे दिसतात आणि ‘अप्रगत’ या एका शब्दात बुडतात. आणि पहिलीत श्रुतलेखन घेऊ नका. न समजणाऱ्या भाषेत ते कानाची परीक्षासुद्धा राहत नाही, नशिबाची होते.

पालक विरोध करतील. ‘कोरकू तर घरी येतेच, शाळेत मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा’ हे म्हणणं चुकीचं नाही. त्यांना दवाखाना, कचेरी, बँक मराठीत भेटते. त्यांच्याशी अस्मितेच्या गप्पा मारू नका. नोव्हेंबरमध्ये त्यांना वर्गात बसवा आणि मुलं मराठीत सूचना पाळताना, गोष्ट सांगताना दाखवा. मराठी येते आहे हे दिसलं की वर्गातल्या कोरकूला कुणी हरकत घेत नाही. सुट्ट्यांचं आणि स्थलांतराचं भानही ठेवा. दिवाळीनंतर कामासाठी कुटुंबं बाहेर पडतात, होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. नवा अक्षरगट होळीच्या आठवड्यात सुरू करायचा नसतो.

वरून कुणी ‘वर्गात कोरकू का?’ असं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर आहे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम 350-क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची अपेक्षा राज्यांकडून करतं. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 29 म्हणतं की शक्य तितपत माध्यम मुलाची मातृभाषा असावं. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाचा परिच्छेद 4.11 किमान पाचवीपर्यंत घरची भाषा सुचवतो. ‘शक्य तितपत’ या दोन शब्दांत व्यवस्थेने अनेक वर्षं काढली आहेत, पण तेच शब्द शिक्षकाच्या बाजूनेही वापरता येतात: माझ्या वर्गात हे शक्य आहे, म्हणून मी करते आहे. गंमत अशी की 2025 च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा असावी की नको यावर राज्य पेटलं, शेवटी 29 जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेतले गेले. त्या सगळ्या वादात मराठी माध्यम म्हणजे मराठी मुलं हेच गृहीत होतं. ज्यांची पहिली भाषाच मोजणीत नाही त्यांच्यासाठी हिंदी तिसरी नव्हे, चौथी ठरली असती.

व्यवस्था म्हणून हे कुणी केलं आहे का? ओडिशाने 2006 पासून दहा आदिवासी भाषांत बहुभाषी शिक्षण सुरू केलं, पुढे ते 21 भाषांपर्यंत नेलं, त्या त्या भाषेचे शिक्षक नेमले. तिथे धडा स्पष्ट आहे: पुस्तकापेक्षा नेमणूक महत्त्वाची. सौरा बोलणारा शिक्षक सौरा गावात गेला तर कार्यक्रम चालतो, दुसरीकडे गेला की पुस्तकं कपाटात. फिलिपिन्सने 2012 पासून बालवाडी ते तिसरी मातृभाषा सक्तीची केली आणि 2024 मध्ये कायद्याने ती सक्ती काढली. माझ्या मते तिथे मातृभाषेचं तत्त्व हरलं नाही. एकाच वर्गात तीन-चार भाषा, अपुरी पुस्तकं आणि त्या भाषेत शिकवायचं प्रशिक्षण न मिळालेले शिक्षक, हे एकत्र आलं.

हे उत्तर वाचणारे काही जण मेळघाटाबाहेरचे असतील, त्यांच्यासाठी एक इशारा. हीच पद्धत जशीच्या तशी उचलू नका. भामरागडची माडिया, यवतमाळची कोलामी, गोंडी या द्राविड भाषा; तिथेही मुलाला मराठी परकीच, त्यामुळे वरचं बहुतेक लागू पडतं. फक्त चुका वेगळ्या येतील. गोंडी-कोलामीत पुरुष एका गटात आणि बाई, गाय, दगड दुसऱ्या गटात, म्हणून ‘आई आलं’ ऐकू येईल. कोलामीत मुळात ख, घ, भ असे महाप्राण नाहीत. ‘खा’ आणि ‘का’ एक होतात, आणि शिक्षक कानाचा दोष समजतात. वारली, कातकरी, धडगावची पावरी, भिली मात्र मराठीच्या कुळातल्याच. तिथे मुलाला बरंच कळतं, दुखणं वेगळं असतं: शिक्षक प्रत्येक वाक्याला ‘असं नाही, शुद्ध बोल’ म्हणतात. मूल मग स्वतःचं बोलणं चुकीचं आहे असं धरून बसतं. अशा वर्गात वेगळी 30 मिनिटं नकोत, फळ्यावर दोन रकाने पुरतात, ‘घरी असं म्हणतात’ आणि ‘पुस्तकात असं लिहितात’, कुठल्याही रकान्यावर फुली नाही. आश्रमशाळेत एका वर्गात दोन-तीन भाषा असतील तर सकाळच्या गप्पा भाषावार गटांत घ्या आणि सूचनांचा खेळ सगळ्यांचा मिळून.

शेवटची एक व्यावहारिक गोष्ट. तुमची बदली होणार. तुम्ही जमवलेले शब्द, वाक्यं, अक्षरगट, सापळ्यांची यादी हे सगळं मोबाईलमध्ये राहिलं तर तुमच्या मागून येणारे शिक्षक पुन्हा ‘दोन महिने झाले, मुलं बोलत नाहीत’ इथूनच सुरू करतील. दोनशे पानी जाड वही घ्या. डाव्या पानावर कोरकू, उजव्या पानावर मराठी, खाली कुणाकडून घेतलं आणि कोणत्या ढाण्यातलं (वस्तीतलं) ते. वहीला डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) नंबर द्या, आणि चार्ज देताना यादीत खुर्च्या-टेबलांबरोबर तिची ओळ लिहून सही घ्या.